टेबलावरचं ऐतिहासिक सैन्य रंगवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेपोलियनच्या काळातली बटालियन असो, रोमन लीजन असो की पहिल्या महायुद्धातली प्लॅटून, टेबलावर लढाया खेळायच्या वॉरगेमसाठी आणलेली पेटी उघडली की समोर करड्या रंगाचे शेकडो छोटे शिपाई (फिगर) असतात आणि सुरुवात कुठून करायची हे सुचत नाही. नव्याने रंगवायला बसलेले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही बाबतींत माझी मतं ठाम आहेत आणि ती तशीच मांडली आहेत.

एक शिपाई सुंदर रंगवणं आणि सैन्य रंगवणं यात फरक काय?

शोकेसमधला शिपाई वीतभर अंतरावरून बघतात. खेळातलं सैन्य टेबलाच्या कडेला उभं राहून, दोन-तीन फुटांवरून आणि थोडं वरून दिसतं. तेवढ्या अंतरावरून डोळ्यातली बाहुली दिसत नाही, बटणावरची चमक दिसत नाही. डोळ्यात भरतो तो तुकडीचा एकत्रित रंग, छातीवरच्या पट्ट्यांची सलग ओळ, चेहऱ्यांचे उजळ ठिपके, झेंडा आणि पायाखालची जमीन. म्हणून कष्ट तिथे घालावेत जिथे नजर पडते, आणि बाकीचं नीटनेटकं पण साधं ठेवावं. 'दुरून डोंगर साजरे' ही म्हण मी या छंदात कामाची पद्धत म्हणून वापरते. सरळसाध्या रंगवलेल्या २४ शिपायांची एकसंध रांग टेबलावर जे करते, ते अप्रतिम रंगवलेले तीन आणि नुसता प्रायमर (रंगाआधीचा अस्तर-थर) मारून ठेवलेले एकवीस करू शकत नाहीत.

कोणत्या आकाराच्या फिगर घ्याव्यात?

ऐतिहासिक वॉरगेममध्ये ६, १०, १५ आणि २८ मिमी हे आकार जास्त चालतात. शिवाय १/७२ प्रमाणातले प्लास्टिकचे शिपाई आहेत, ते साधारण २४ मिमी भरतात. १५ मिमी म्हणजे अंदाजे १/१०० आणि २८ मिमी म्हणजे अंदाजे १/५६. मात्र हे आकडे काटेकोर नसतात. बरेच उत्पादक उंची तळव्यापासून डोळ्यांपर्यंत मोजतात, काही डोक्यापर्यंत. त्यामुळे दोघांचे '२८ मिमी' शेजारी ठेवले तर काका-पुतणे वाटू शकतात. टेबलावर वेगवेगळ्या उत्पादकांच्या तुकड्या खुशाल शेजारी ठेवा, पण एकाच तुकडीत सरमिसळ करू नका.

ज्यांना माणसं रंगवायला आवडतात त्यांनी २८ घ्यावं. ज्यांना लढाई बघायला आवडते, डोंगरउतारावरून सरकणाऱ्या फळ्या बघायच्या असतात, त्यांनी ६ किंवा १० मिमीला घाबरू नये. तिथे शिपायाला टोपी, कोट, विजार, चेहरा आणि बंदूक एवढे पाच ठिपके पुरतात. मधला मार्ग हवा असेल तर १५ मिमी.

कोणता काळ सोपा, कोणता अवघड?

रंगवायच्या दृष्टीने दुसऱ्या महायुद्धातलं पायदळ सोपं: एक खाकी किंवा करडा रंग, पट्टे, हेल्मेट, वॉश (खोबणीत उतरणारा पातळ गडद रंग), झालं. प्राचीन काळातली चिलखतधारी फौजही लवकर उरकते, कारण अर्धं अंग धातूचं असतं आणि धातूवर काळा वॉश उत्तम बसतो. नेपोलियनचा काळ सगळ्यात वेळखाऊ. छातीवरचे तिरके पट्टे, कफ, कॉलर, गोंडे, पाठपिशव्या, गुंडाळलेले ओव्हरकोट यांना अंत नसतो. तरीही ज्या काळाबद्दल तुम्ही रात्री जागून वाचता तोच निवडा, कारण पुढचे कित्येक महिने त्याच माणसांच्या सहवासात काढायचे आहेत.

धातू, प्लास्टिक की रेझिन?

कडक प्लास्टिक हलकं आणि जोडायला सोपं. त्याला प्लास्टिक सिमेंट वापरा. ते पृष्ठभाग वितळवून दोन तुकडे अक्षरशः एकजीव करतं. धातूवर आणि रेझिनवर त्या सिमेंटचा काही उपयोग नाही, तिथे सुपरग्लू लागतो. धातूच्या घोड्यावर धातूचा स्वार बसवताना नुसत्या सुपरग्लूवर विसंबू नका. हातड्रिलने दोन्हीकडे बारीक भोक पाडून आत तारेचा तुकडा घातला तर तो सांधा वर्षानुवर्षं टिकतो.

१/७२ चे काही शिपाई लवचीक प्लास्टिकचे असतात. त्यांचा भाला वाकला की रंगाची खपली उडते. तिथे धुणं, योग्य प्रायमर आणि शेवटी दणकट व्हार्निश या तिन्ही गोष्टी हव्यातच.

जुन्या धातूच्या फिगरमध्ये शिसं असू शकतं. हाताळायला हरकत नाही, पण कानस मारताना उडणारी पूड नाकातोंडात जाऊ देऊ नका, काम झाल्यावर हात धुवा आणि लहान मुलांपासून त्या दूर ठेवा.

साच्याच्या रेघा काढल्याच पाहिजेत का? आणि साबणाने धुणं?

दोन्ही करा. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे बारीक कड राहते. कोऱ्या फिगरवर ती जाणवत नाही, पण वॉश टाकला की खांद्यावरून पायापर्यंत काळी शिवण उमटते. चाकूची धार आडवी धरून खरवडली की ती निघते. निदान डोकं, खांदे आणि घोड्याची पाठ एवढं तरी साफ करा, कारण वरून तेच दिसतं. साच्यातून फिगर सुटावी म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य कोमट पाणी, साबण आणि जुना टूथब्रश यांनी निघतं.

प्रायमर काळा, पांढरा की करडा?

सैन्याच्या मुख्य रंगाकडे बघून ठरवा. पांढरे, पिवळे, लाल गणवेश असतील तर पांढरा किंवा फिका करडा. चिलखत आणि गडद निळे कोट असतील तर काळा. काळ्याचा मोठा फायदा असा की ब्रश जिथे पोचला नाही तिथे आपोआप सावली उरते. मला स्वतःला काळ्या प्रायमरवर वरून, तिरकस कोनातून पांढरा फवारा मारायला आवडतं: उजेड कुठून पडतो हे रंग लावण्याआधीच दिसतं आणि बारकावे ओळखू येतात.

स्प्रेचा डबा चांगला हलवा, २०-३० सेंमी अंतर ठेवा, हात सतत फिरता ठेवा आणि एका जाड थराऐवजी दोन पातळ थर द्या. दमट हवेत फवारू नका.

ब्रश किती आणि कसले?

एक चांगला १ नंबरचा, एक २ नंबरचा, आणि ड्रायब्रशसाठी (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग घासण्यासाठी) एक जुना, पसरट. बारीक कामाला ०००० नंबरचा घ्यावा असं नवख्याला वाटतं, पण त्यात रंग एवढा कमी मावतो की तो टोकावरच सुकतो. बारीक रेघ ब्रशच्या टोकाने येते, ब्रशच्या आकाराने नाही. कोलिन्स्की सेबलचा (नैसर्गिक केसांचा) ब्रश टोक धरून ठेवतो, म्हणून तो महाग असूनही परवडतो. मात्र धातूच्या रंगांना वेगळा ब्रश ठेवा, सेबलने ड्रायब्रश करू नका आणि रंग मुळाच्या धातूच्या पट्टीपर्यंत चढू देऊ नका.

रंग किती पातळ करायचा?

दुधाइतका. पॅलेटवर ब्रश ओढला की सलग रेघ उमटावी, ओघळ येऊ नये. ओला पॅलेट घरीच होतो: डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बेकिंगचा कागद.

एका वेळी किती शिपाई हातात घ्यावेत?

आठ ते बारा. चोवीस एकदम घेतले की चौथ्या रंगालाच जीव मेटाकुटीला येतो. त्यांना पट्टीवर किंवा बाटलीच्या बुचांवर चिकटवा, म्हणजे रंगवलेल्या भागाला बोट लागत नाही. मग एक रंग उघडायचा आणि सगळ्यांना तोच लावत जायचं. क्रम आतून बाहेर: आधी त्वचा, मग विजार, कोट, त्यावरचे पट्टे, पिशवी, शेवटी टोपी आणि बंदूक.

थोडा हिशेब मांडा. एका रंगाला प्रत्येक शिपायामागे दोन मिनिटं धरली तर २४ जणांना ४८ मिनिटं लागतात. असे १२ रंग असले तर साडेनऊ तासांहून जास्त. त्यातले दोन अनावश्यक रंग गाळले की दीड तासापेक्षा जास्त वाचतो. बुटांना वेगळा काळा, काडतुसांच्या पेटीला वेगळा काळा आणि टोपीला तिसरा काळा टेबलावरून कुणालाही ओळखू येत नाही. तो दीड तास झेंड्याला द्या.

वॉश, डिप, की एका थरातले पारदर्शक रंग?

तिन्ही चालतात. वॉश म्हणजे पातळ गडद रंग. तो खोबणीत उतरतो आणि उंचवट्यावरून ओसरतो. सैन्यासाठी तपकिरी वॉश काळ्यापेक्षा बरा, कारण काळ्याने पांढरे पट्टे आणि चेहरे मळकट दिसतात. डिप म्हणजे तपकिरी रंगाचं लाकडाचं व्हार्निश ब्रशने अंगभर लावणं. त्याने सावली आणि संरक्षण दोन्ही एकदम मिळतं, पण चकाकी येते, म्हणून वरून मॅट व्हार्निश लागतं. पारदर्शक रंग फिक्या प्रायमरवर लावले की एकाच थरात सावली आणि उजेड दोन्ही देतात. घोडे, कातडं, केस, लोकरीची वस्त्रं यांवर ते छान उठतात. सपाट, मोठ्या पृष्ठभागावर मात्र डाग पडतात. त्यातले काही सुकल्यावरही ओल लागली की पुन्हा विरघळतात, तेव्हा वरून दुसरा रंग लावण्याआधी एका फिगरवर करून बघा.

फिगर जितकी लहान, तितका रंग उजळ ठेवावा. २८ मिमीवर शोभणारा गडद निळा ६ मिमीवर काळाच दिसतो.

छातीवरचे पांढरे तिरके पट्टे सरळ कसे येतात?

पांढऱ्याने सुरुवात करू नका. आधी पट्ट्याच्या जागी गडद तपकिरी किंवा करडा, हवा त्यापेक्षा किंचित रुंद पट्टा ओढा. तो वाकडा गेला तरी चालतो. मग त्याच्या आत फिका करडा आणि त्यावर मधोमध शुद्ध पांढऱ्याची एक रेघ. दोन्ही कडांना जी केसाएवढी गडद रेघ उरते, तीच पट्ट्याला कोटापासून सुटा करते. ब्रश स्वतःकडे ओढा, पुढे ढकलू नका. आणि रेघ मारताना दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवून धरा, हात थरथरायचा थांबतो.

डोळे रंगवू का?

१५ मिमी आणि त्याखाली मुळीच नको. २८ मिमीवरही रांगेतल्या शिपायाला डोळ्यांच्या खोबणीत तपकिरी वॉश पुरतो. शुद्ध पांढरा ठिपका दिला की चेहरा दचकल्यासारखा दिसतो. त्याऐवजी नाक, गालांची हाडं आणि हनुवटी उजळा. तीन ठिपक्यांत माणूस जिवंत होतो. सेनापती, झेंडेवाला आणि ढोलकरी यांना मात्र हवे तर डोळे द्या, कारण खेळताना हात आणि नजर त्यांच्याकडेच जाते.

घोडे खेळण्यातले वाटतात. काय चुकतंय?

बहुतेक वेळा सगळ्या घोड्यांना एकच तपकिरी लावलेला असतो आणि शेपटीचा रंग मनाने ठरवलेला असतो. घोड्याच्या रंगाला नियम आहेत. कुमैत घोडा म्हणजे तांबूस-तपकिरी अंग, पण आयाळ, शेपटी आणि गुडघ्याखालचे पाय काळे. तांबड्या घोड्याच्या अंगावर काळा कुठेच नसतो. त्याची आयाळ अंगाच्याच रंगाची किंवा फिकी असते. पांढरा दिसणारा घोडा खरं तर करडा असतो. तो जन्मतः गडद असतो आणि वयानुसार उजळत जातो, त्याची कातडी काळीच राहते, म्हणून नाकपुड्या आणि ओठांभोवती गडद करडा हवा. अबलख घोडे कवायती फौजेच्या रांगेत क्वचित शोभतात. कपाळावर पट्टा आणि चारही पाय पांढरे असा पंचकल्याणी घोडा तुकडीत एखादाच ठेवा, तो अधिकाऱ्याला द्या.

१२ घोड्यांच्या तुकडीत मी साधारण ६ कुमैत, ३ तांबडे, २ काळसर तपकिरी आणि कर्णेवाल्याला १ करडा असं वाटप करते. अनेक फौजांत कर्णेवाल्यांना करडे घोडे देत, म्हणजे अधिकाऱ्याला गर्दीत तो पटकन सापडे. ब्रिटिशांच्या स्कॉट्स ग्रेज रेजिमेंटसारखा अख्खी रेजिमेंट करड्यांवर असण्याचा प्रकार वेगळा.

रंगवायची माझी आवडती पद्धत जुनी आहे. अंगाला ॲक्रिलिकचा उजळ, पिवळसर तपकिरी थर द्यायचा आणि पूर्ण सुकू द्यायचा. त्यावर ऑइल पेंटमधला बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) सगळ्या अंगभर चोळायचा. घोडा काळपट, विद्रूप दिसायला लागतो. तसाच दिसू द्या. पंधरा मिनिटांनी मेकअपच्या स्पंजचा तुकडा घेऊन पाठीवरून, मांड्यांवरून, छातीवरून हलकेच पुसत जायचं. स्नायूंचे उंचवटे एकेक करून खालून वर येतात, खोबणीत गडद रंग राहतो, आणि मधला उतार इतका मऊ असतो की ब्रशने तासभर बसूनही जमणार नाही. वाळायला एक-दोन दिवस, कधी जास्त लागतात. तोवर स्वार रंगवा.

गणवेशाचा नेमका रंग कोणता? प्रत्येक पुस्तकात वेगळाच दिसतो.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण उत्तर रंगाच्या बाटलीत नाही, कापडाच्या इतिहासात आहे.

ब्रिटिशांचा लाल कोट घ्या. साध्या शिपायाचं कापड मंजिष्ठाच्या जातीच्या मॅडर मुळांनी रंगवत. तो विटकरीकडे झुकणारा लाल. अधिकाऱ्याचं उंची कापड कोचिनील किड्यापासून काढलेल्या रंगात बुडवत. तो झगझगीत किरमिजी लाल. म्हणजे एकाच तुकडीत दोन लाल हवेत. अधिकाऱ्याला उजळ लाल द्या आणि रांगेला थोडा तपकिरी मिसळलेला. एवढ्याने तुकडी इतिहासाशी जोडली जाते, आणि त्याला दोन मिनिटंसुद्धा जास्त लागत नाहीत.

फ्रेंचांच्या निळ्याची गोष्ट तर थेट समुद्रावरच्या युद्धाशी बांधलेली आहे. नीळ समुद्रापलीकडून यायची, ती ब्रिटिश आरमारामुळे दुर्मीळ झाली. १८०६ मध्ये काही रेजिमेंटना पुन्हा पांढरे कोट देण्याचा हुकूम निघाला, आणि १८०७ मध्ये तो प्रयोग गुंडाळला. त्या वर्षीच्या मोहिमेचं सैन्य रंगवत असाल तर निळ्या ब्रिगेडमध्ये एखादी पांढरी बटालियन ठेवायला पुरावा आहे.

अमेरिकन यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या शिपायांना सगळे सरसकट करडा लावतात. नाकेबंदीत सापडलेल्या त्या फौजेत अक्रोडाच्या सालींसारख्या घरगुती रंगांनी रंगवलेलं पिवळसर-तपकिरी कापड भरपूर होतं, आणि करडा कोटही उन्हात विटून त्याच दिशेने जाई. एका तुकडीत तीन-चार करडे आणि दोन तपकिरी फिरवत राहा, ती लगेच खरी वाटू लागते.

खाकी म्हणजे धूळ. फारसीतल्या 'खाक'वरून आलेला शब्द. १८४६ साली पेशावरला उभ्या राहिलेल्या कोअर ऑफ गाइड्सने तो रंग अंगावर घेतला, पण पुढे तो शब्द ज्या ज्या फौजेने उचलला तिथे छटा बदलली. म्हणून बाटलीवर नुसतं 'खाकी' लिहिलेलं बघून विकत घेऊ नका, कोणत्या फौजेची आणि कोणत्या वर्षाची हे बघा. वर्ष किती महत्त्वाचं असतं ते फ्रेंचांकडे बघून कळतं: १९१४ च्या ऑगस्टमध्ये ते लाल विजारींत रणांगणात उतरले आणि १९१५ मध्ये फिक्या निळ्या गणवेशात दिसू लागले.

मॅडर, नीळ, ऊन, पाऊस आणि चिखल यांनी मिळून जो रंग होतो त्याला एकच 'बरोबर' बाटली नसते. कागदावरचा नियम आणि मोहिमेवरचा शिपाई यांत नेहमीच अंतर राहिलं आहे. ठिगळ लावलेल्या विजारी, तेलकापडात गुंडाळलेल्या टोप्या, कुणाच्या तरी सामानातून उचललेली तपकिरी पँट, हे सगळं चालतं. चालत नाही ते एवढंच की कॉलर आणि कफ चुकावेत, कारण रेजिमेंटची ओळख तिथे असते. उदाहरणार्थ, ब्रिटिशांच्या ३० व्या रेजिमेंटचे पिवळे आणि ३३ व्या रेजिमेंटचे लाल.

नेपोलियनच्या फ्रेंच बटालियनमध्ये टोप्यांवरच्या गोंड्यांचे रंग वेगवेगळे का असतात?

१८०८ च्या पुनर्रचनेनंतर बटालियनमध्ये सहा कंपन्या झाल्या: एक ग्रेनेडियर (निवडक शिपाई), एक व्होल्टिजर (हलके, चपळ शिपाई) आणि चार फ्युझिलियर (साधे शिपाई). फ्युझिलियर कंपन्यांचे गोंडे अनुक्रमे गडद हिरवे, आकाशी, नारिंगी आणि जांभळे. ग्रेनेडियरांची खूण लाल, व्होल्टिजरांची पिवळी आणि हिरवी. २४ शिपायांची तुकडी असेल तर प्रत्येक कंपनीचे ४ जण होतात आणि हिशेब चोख बसतो. एवढे सहा रंगांचे ठिपके दिले की निळी-पांढरी रांग खुलते.

प्राचीन फौजांचे रंग कुणाला माहीत?

पूर्णपणे कुणालाच नाही, पण अंधारही नाही. सीरियातल्या ड्युरा-युरोपोस इथे सापडलेली तिसऱ्या शतकातली रोमन ढाल आज येल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. तिच्यावरचा लाल रंग आणि गरुडाचं चित्र अजून दिसतं. उत्तरकालीन रोमन तुकड्यांच्या ढालींची चित्रं 'नोटिशिया डिग्निटाटम' या अधिकारपदांच्या यादीत आहेत; मात्र हाती असलेल्या प्रती हजारेक वर्षांनी नकललेल्या, म्हणून त्यांवर डोळे मिटून विश्वास नको. इंग्लंडवरच्या नॉर्मन स्वारीचं चित्रण असलेल्या, सुमारे ७० मीटर लांबीच्या बायो टॅपेस्ट्री या भरतकामावर नॉर्मन स्वारांची चिलखतं, ढाली, झेंडे सगळं आहे, पण तिच्यातले घोडे निळे आणि हिरवेही आहेत. भरतकाम करणाऱ्यांकडे ज्या रंगांची लोकर होती ती त्यांनी वापरली.

कापडासाठी एक सोपा आधार घ्या: कृत्रिम रंग १८५६ नंतरचे. प्राचीन युरोपात साधारणपणे लाल मॅडरचा, निळा वोड या वनस्पतीचा, पिवळा वेल्ड या वनस्पतीचा आणि हिरवा म्हणजे पिवळ्यावर निळा चढवलेला. केल्ट किंवा जर्मन टोळ्या रंगवताना याच चार रंगांच्या फिक्या-गडद छटा आणि न रंगवलेल्या लोकरीचे पांढरट, करडे, तपकिरी एवढंच पॅलेटवर घ्या. तुकडी रंगीबेरंगी होते आणि तरी भडक होत नाही.

ढालींची चित्रं हाताने काढू की ट्रान्सफर (पाण्याने चिकटवायची छापील चित्रं) लावू?

चोवीस सारख्या ढालींना ट्रान्सफर. आधी पृष्ठभागावर ग्लॉस (चकचकीत) व्हार्निश लावा म्हणजे खाली हवा अडकत नाही. कडेला पांढरी किनार दिसली तर ढालीच्या रंगाने झाका. टोळीवाल्यांच्या ढाली मात्र हाताने रंगवा, तिथे वेडंवाकडंच खरं वाटतं.

झेंडे?

छापील कागदी झेंडा काठीभोवती दुमडून पांढऱ्या गोंदाने चिकटवा आणि गोंद ओला असतानाच दोन पेन्सिलींवरून त्याला लाटा द्या. सुकला की कागदाची पांढरी कड जुळत्या रंगाने रंगवा. हे विसरलात तर झेंडा कागदाचाच राहतो. मग लाटांच्या खोल भागात थोडी सावली आणि उंच भागावर उजळ रेघ. टेबलावर सगळ्यात आधी झेंडा दिसतो, म्हणून तो थोडा मोठा घेतला तरी मी चूक मानत नाही.

भाले सारखे वाकतात.

कापून टाका आणि पोलादी तार लावा. मॅसिडोनियन सारिसा हा भाला तर सहाएक मीटर लांब असे, आणि पहिल्या पाच रांगांची टोकं फळीच्या पुढे निघत असं ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने लिहिलं आहे. ती लांबी मऊ धातूत टिकतच नाही. टोक थोडं बोथट ठेवा, फळी उचलताना बोटात घुसतं.

नाझी चिन्हं असलेली फौज रंगवावी का?

इतिहासातली लढाई मांडायची तर दोन्ही बाजू लागतात. पण ती चिन्हं जिथे टाळता येतात तिथे मी टाळते. टेबलावरच्या खेळाला त्यांची गरज पडत नाही. जर्मनीसारख्या देशांत ती दाखवण्यावर कायद्याने निर्बंधही आहेत. ज्यांच्या घरातली माणसं त्या युद्धात गेली ते शेजारी उभे राहून बघत असतील, हे लक्षात ठेवून रंगवा.

व्हार्निश लावल्यावर सगळं पांढरं पडलं. आता?

माझ्या बारा ड्रॅगून स्वारांचं असंच झालं. तीन आठवड्यांचं काम होतं. हवा दमट आहे हे कळत होतं, पण सामना जवळ आला होता, म्हणून मॅट व्हार्निश फवारलं. सकाळी बघितलं तर सगळ्यांवर हिवाळ्यातल्या काचेसारखी पांढुरकी साय आलेली. त्या दिवशी मी त्यांना हात लावला नाही, आणि तेच बरं झालं. दुसऱ्या दिवशी ब्रशने ग्लॉस व्हार्निशचा पातळ थर दिला. दहा जणांचे रंग पुन्हा वर आले, दोघांना नव्याने रंगवावं लागलं. कोरड्या हवेची वाट पाहून मग पुन्हा मॅट लावलं.

तेव्हापासून क्रम ठरला आहे. आधी ब्रशने ग्लॉस, कारण झिजेला तोंड तोच देतो. मग कोरड्या दिवशी मॅट, आणि आधी एका फालतू फिगरवर चाचणी. धातूच्या भागांवर शेवटी पुन्हा थोडा ग्लॉस दिला की तलवारी जाग्या होतात.

बेस (शिपायांच्या पायाखालच्या पट्ट्या) कोणत्या मापाचे घ्यावेत?

तुम्ही खेळता त्या नियमावलीप्रमाणे. १९९० साली आलेल्या डीबीए या प्राचीन लढायांच्या नियमावलीने १५ मिमीसाठी ४० मिमी आणि २५-२८ मिमीसाठी ६० मिमी रुंदी ठेवली, आणि प्राचीन काळाच्या इतर अनेक नियमांतही ती चालते. छोट्या चकमकींच्या खेळात प्रत्येक शिपाई सुट्या गोल बेसवर असतो. ठरत नसेल तर सुटे बेस करा आणि ते लोखंडी पत्रा लावलेल्या ट्रेवर चुंबकाने उभे करा. नियम बदलले तरी सैन्य मोडावं लागत नाही.

सजावटीत एकच नियम कडक पाळा: अख्ख्या सैन्याला एकच जमीन. वाळू आणि गोंद, गडद तपकिरी, दोन फिके ड्रायब्रश, थोडं गवत, आणि कडेला एकच रंग. पाच वर्षांत रंगवलेल्या, हात सुधारत गेलेल्या तुकड्यांना एकत्र बांधते ती ही जमीन. गणवेशाशी विरोधही बघा. हिरव्या कोटांचे रशियन गर्द हिरव्या गवतात हरवतात, त्यांना वाळक्या गवताची पिवळी जमीन द्या.

रंग बिघडला तर काढता येतो का?

धातूवरून आयसोप्रोपिल अल्कोहोलने सहज. बुडवून ठेवा आणि टूथब्रशने घासा, हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून. प्लास्टिक आणि रेझिनवर कमी वेळ, आणि आधी एका तुकड्यावर चाचणी. ॲसिटोन प्लास्टिकला लावू नका, शिपाईच विरघळेल.

जुनी तुकडी आता डोळ्यांना खुपते. पुन्हा रंगवू का?

नको. तेवढ्या वेळात नवी तुकडी होते. जुन्या तुकडीचे बेस बाकीच्या सैन्यासारखे करा, झेंडा बदला, चेहऱ्यांवर एक उजळ ठिपका द्या. दोन-तीन फुटांवरून ती नव्यांत मिसळून जाते. माझी पहिली फ्रेंच बटालियन अजून उजव्या बगलेला उभी असते. तिच्या सगळ्या गोंड्यांना मी तेव्हा लालच लावला होता, कारण कंपन्यांचे रंग ठाऊक नव्हते. गेल्या वर्षी एका संध्याकाळी ते गोंडे कंपनीप्रमाणे रंगवून घेतले. पट्टे होते तसेच ठेवले.